‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी : संगणकात शिरणाऱ्या व्हायरसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात संगणक दुरुस्तीला येतो तेव्हा त्याच्यासोबत निदान आणि औषध दोन्ही येतात : “व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून द्या.” टॉवेल कारखान्याचे ऑफिस असो, नवी पेठेतले दुकान असो, शाळेची लॅब असो की कर सल्लागाराचे टेबल, सगळीकडे हेच. फॉरमॅट म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकणे. माझे म्हणणे एवढेच की आधी काय शिरले आहे ते बघू या. प्रत्येक प्रकारात पहिल्या अर्ध्या तासात करायची गोष्ट वेगळी असते, आणि काही प्रकारांत फॉरमॅटच सगळ्यात महागात पडतो. लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

संगणक फार हळू चालतो. व्हायरसच असणार ना?

बहुतेक वेळा नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क, अपुरी रॅम, काठोकाठ भरलेला सी ड्राइव्ह आणि पंख्यात साचलेली धूळ ही नेहमीची कारणे. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. बंद केबिनमधला प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपण व्हायरसला नावे ठेवतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायची वेळ झाली. काहीही उघडलेले नसताना प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड राबत असेल, तर मात्र संशय घ्या. मायनर नावाचा प्रकार तुमच्या मशीनवर, तुमच्या विजेवर, दुसऱ्या कोणासाठी क्रिप्टो चलन काढत बसतो. काही मायनर टास्क मॅनेजर उघडला की लगेच थांबतात. म्हणून पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडताच शांत होतोय, असे वारंवार झाले तर स्कॅन करायलाच हवे.

व्हायरस, वर्म, ट्रोजन… हे सगळे एकच ना?

पसरण्याची पद्धत वेगळी. व्हायरस दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कच्या सुरुवातीच्या भागाला चिकटतो आणि तुम्ही ती फाइल चालवली की पुढे सरकतो. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, तो फ्लॉपीच्या या सुरुवातीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, बसायचा.

वर्मला तुमच्या क्लिकची गरज नसते. नेटवर्कमधली फट शोधून तो आपणच पुढच्या मशीनवर जातो. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग ठप्प केला होता.

ट्रोजन म्हणजे उपयोगी वस्तूच्या वेषात आलेला. फुकटचे सॉफ्टवेअर, गेम, बिल, लग्नपत्रिका असे त्याचे वेष. तो स्वतः पसरत नाही, आपण त्याला हाताने आत घेतो. आज सोलापुरातल्या घरा-दुकानात जे सापडते त्यात हाच सगळ्यात जास्त. बाकीची नावे तो आत येऊन काय करतो त्यावरून पडली : फायली कुलूपबंद करणारा रॅन्समवेअर, पासवर्ड उचलणारा स्टीलर, जाहिराती दाखवणारा अ‍ॅडवेअर, लपून पाळत ठेवणारा स्पायवेअर.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलो आणि पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

गेला नाही. लपवला आहे. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका, निदान आत्ता तरी.

या प्रकारात एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, पेन ड्राइव्हवर येते. ती तुमच्या खऱ्या फोल्डरना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारते, म्हणजे ते दिसेनासे होतात. मग त्याच नावाचा, तसाच पिवळा आयकॉन असलेला शॉर्टकट तिथे ठेवते. तुम्ही त्यावर डबल क्लिक केले की आधी स्क्रिप्ट चालते आणि लगेच खरा फोल्डरही उघडतो. फोल्डर उघडल्यामुळे काही बिघडले आहे असे वाटत नाही, आणि तेवढ्यात तुमचा संगणकही बाधित झालेला असतो. पुढे जो पेन ड्राइव्ह त्याला लागेल त्याची तीच गत. आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण आणि एक-दोन केबी आकार ही ओळख.

फायली काढायच्या तर अपडेट असलेल्या, अँटिव्हायरस चालू असलेल्या मशीनवर पेन ड्राइव्ह लावा आणि आधी स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये हिडन आयटम्स दाखवायला सांगा. एवढ्याने सहसा भागत नाही, कारण सिस्टिमचा शिक्काही असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ समोरची टिक काढा. आता फिकट रंगात खरे फोल्डर दिसतील. कधी नाव नसलेला एकच फोल्डर दिसतो आणि सगळा माल त्यात असतो. आत जा, आपले फोटो, वर्ड, एक्सेल, पीडीएफ तेवढे निवडून संगणकावरच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. शॉर्टकट, स्क्रिप्ट, अनोळखी प्रोग्राम यांना हात लावू नका. सगळे उघडून पाहिले, नीट आहे, मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. टिक परत लावायला विसरू नका.

प्रिंटसाठी बाहेर जाताना एक रिकामा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात फक्त ती एक पीडीएफ. वर्षभराचे सगळे काम ज्यात आहे तोच पेन ड्राइव्ह दहा दुकानांत फिरवणे थांबवले तरी निम्मा त्रास वाचेल.

आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे डिझाइन पेन ड्राइव्हवरून मागावर जाते. तिथला संगणक नेटला जोडलेलाच नाही, मग भीती काय?

नेट नाही म्हणून भीती नाही, हा समज २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या वर्मने मोडला. इराणच्या नतांझमधले युरेनियम समृद्धीचे यंत्र इंटरनेटपासून तोडलेले होते. तरीही तो आत पोहोचला, आणि पसरण्याचा त्याचा एक मार्ग यूएसबीच होता. तुमच्या मागावर कोणी असा हल्ला करणार नाही. पण डिझाइनरच्या मशीनवरचा साधा शॉर्टकट व्हायरसही ऐन ऑर्डरच्या दिवसात जुन्या विंडोजवरचा कंट्रोल संगणक अडवून ठेवू शकतो. डिझाइन नेण्यासाठी एकच ठरावीक पेन ड्राइव्ह ठेवा. तो घरी जाऊ नये, त्यात गाणी नसावीत, आणि डिझाइनरच्या मशीनवर प्रत्येक वेळी स्कॅन होऊनच मागाकडे जावा. डिझाइनच्या मूळ फायलींची प्रत दुसरीकडे हवीच. एका चादरीच्या नक्षीमागे किती दिवस जातात ते तुम्हाला सांगायला नको.

क्रॅक केलेले सॉफ्टवेअर सगळेच वापरतात. त्यात एवढे काय?

क्रॅक, म्हणजे परवाना न घेता सॉफ्टवेअर चालवणारा प्रोग्राम, टाकताना पहिली सूचना काय असते ते आठवा : अँटिव्हायरस बंद करा. तुम्ही तो स्वतःच्या हाताने बंद करता, आणि कोणी लिहिले ते माहीत नसलेला प्रोग्राम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवता. यापुढे त्या प्रोग्रामला काहीही करायची मोकळीक असते. फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेचे डिझाइन करणारे, शिकणारी मुले आणि हिशेबनीस यांच्या मशीनवर जे सापडते त्यातले पुष्कळसे याच दारातून आलेले असते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. मशीन फॉरमॅट होते, ताजे विंडोज पडते, आणि त्यानंतर दुकानातल्या त्याच एका पेन ड्राइव्हवरून विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारा टूल, क्रॅक केलेले ऑफिस, क्रॅक केलेले डिझाइनचे सॉफ्टवेअर परत टाकले जाते. शिवाय अँटिव्हायरसने ओरडू नये म्हणून तो फोल्डर तपासणीतून वगळून ठेवतात. गिऱ्हाईक पैसे देऊन, ज्या कारणाने आजारी पडले तेच कारण घरी घेऊन जाते. चार महिन्यांनी पुन्हा “व्हायरस आलाय”.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण लिब्रेऑफिसमध्ये पत्र, पत्रके, हिशेब सगळे होते, मराठी युनिकोड व्यवस्थित चालते. चित्रांसाठी गिंप आहे, वेक्टर डिझाइनसाठी इंकस्केप. हात बसायला वेळ लागतो, पण ही कायदेशीर आणि फुकट आहेत. फक्त त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.

सगळ्या फायलींच्या नावापुढे भलतीच अक्षरे लागली आहेत आणि एक टेक्स्ट फाइल पैसे मागते आहे. आता काय करू?

हा रॅन्समवेअर. आणि हीच ती वेळ, जेव्हा फॉरमॅट अजिबात मारायचा नाही.

आधी नेटवर्कची वायर काढा, वाय-फाय बंद करा, लावलेली एक्स्टर्नल डिस्क काढा. ऑफिसातली इतर मशीनही नेटवर्कवरून सोडवा, कारण शेअर केलेल्या फोल्डरवाटे कुलूप लावण्याचे काम तिकडेही सुरू होते. मशीन शक्यतो चालूच राहू द्या. मेमरीत कधी कधी किल्लीचे अवशेष असतात. २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात काही जुन्या विंडोजवर, मशीन बंद न केलेल्या लोकांना त्यातूनच फायली सोडवता आल्या. नेटवर्क तोडणे शक्यच नसेल, तरच पॉवर बंद करा. स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढा. खंडणीची टेक्स्ट फाइल आणि कुलूपबंद झालेल्या दोन-तीन फायली जपून ठेवा, कोणत्या जातीचा रॅन्समवेअर आहे ते त्यावरूनच कळते.

मग ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर जा, अर्थात दुसऱ्या संगणकावरून. डच पोलीस, युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि अँटिव्हायरस कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम आहे. तिथे फाइल दिली की प्रकार सांगतात, आणि सोडवणारे साधन असेल तर फुकट देतात. घरगुती मशीनवर क्रॅकवाटे येणारे ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ हे कुटुंब याचे उदाहरण. त्याच्या काही जुन्या प्रकारांतल्या फायली सुटतात, विशेषतः कुलूप लावताना त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आले नसेल तेव्हा. हा प्रकार प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतो, म्हणून मोठे व्हिडिओ अनेकदा दुरुस्त होतात. एक्सेल किंवा छोट्या पीडीएफच्या बाबतीत ते नशीब नसते.

आज किल्ली नसेल तरी डिस्क पुसू नका. टोळ्या पकडल्या जातात, त्यांचे सर्व्हर पोलिसांच्या हाती लागतात आणि किल्ल्या काही महिन्यांनी, कधी वर्षांनी बाहेर येतात. नवी एसएसडी घ्या, तिच्यावर विंडोज टाका आणि काम सुरू करा. जुनी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवा. घरातल्या लग्नाचे फोटो किंवा दहा वर्षांचे हिशेब यांच्यापुढे नव्या डिस्कचा खर्च काहीच नाही.

पैसे भरून सुटका करून घ्यावी का?

माझे उत्तर नाही. किल्ली मिळेलच याची खात्री नाही, मिळालेली किल्ली अनेकदा अर्धवट चालते, आणि आता बऱ्याच टोळ्या कुलूप लावण्याआधी डेटाची प्रत काढून घेतात. मग “पसरवू” म्हणून दुसऱ्यांदा मागणी येते. “आम्ही नक्की रिकव्हर करून देतो” असे सांगणाऱ्यांपासूनही जपा. अशा काही कंपन्या गुपचूप गुन्हेगारांनाच पैसे भरतात आणि वर आपले कमिशन लावतात, हे अमेरिकेत उघडकीस आले आहे. कुलूप पक्के असेल तर ते कोणाच्या कौशल्याने उघडत नाही, फक्त किल्लीने उघडते.

रॅन्समवेअर आत आला कसा? आम्ही तर काहीच डाउनलोड केले नव्हते.

लहान ऑफिसांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या सोयीची. रात्री घरून टॅली बघता यावे म्हणून कोणीतरी राउटरमध्ये ती वाट उघडून देतो, आणि पासवर्ड असतो दुकानाचे नाव आणि १२३. जगभरातले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, दिवसरात्र अशा उघड्या वाटा शोधत आणि पासवर्ड लावून बघत फिरतात. कोणी तरी तुम्हालाच हेरले असे नाही, दार उघडे मिळाले एवढेच. ही वाट बंद करा. घरून काम करायचेच असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) आणि दुपदरी पडताळणी (पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावून घ्या.

दुसरे कारण न केलेले अपडेट. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला सुटला आणि १५० हून अधिक देशांत पोहोचला. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. दोन महिने हातात होते.

असे हल्ले मोठ्या कंपन्यांवर होतात. आमच्यासारख्यांचा काय संबंध?

सोलापूरचे टॉवेल परदेशी निघतात ते न्हावा-शेवासारख्या बंदरातून. २७ जून २०१७ ला युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम सुटला, मर्स्क ही जहाज कंपनी कोलमडली, आणि जवाहरलाल नेहरू बंदरातले, म्हणजे न्हावा-शेवातलेच, त्यांचे एक टर्मिनल ठप्प झाले. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे अनेक देशांतल्या एटीएममधून काढले गेले, कारण व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, खोटी यंत्रणा उभी केली होती. जुलै २०२४ मध्ये बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. यात सहकारी बँकाही होत्या. सहकारी बँका-पतसंस्थांवर चालणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे दूरचे वाटायला नको.

माझ्या मशीनवर सगळे ठीक दिसते, तरी इन्स्टाग्राम आणि ईमेल कोणीतरी दुसराच वापरतोय. पासवर्ड बदलला, तरी परत तेच.

पासवर्ड कुठून बदलला? त्याच मशीनवरून बदलला असेल तर नवाही गेला.

हे काम स्टीलरचे. रेडलाइन, लुमा ही त्यातली गाजलेली नावे. तो येतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करतो, काही मिनिटांत पाठवून देतो, आणि बरेचदा स्वतःला पुसून टाकतो. त्यामुळे नंतर स्कॅनमध्ये काही सापडत नाही. कुकी हा भाग नीट समजून घ्या. तुम्ही एकदा लॉगिन केले की पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारला जाऊ नये म्हणून ब्राउझर एक खूण जवळ ठेवतो. ती खूण चोरली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, त्याच्याकडे खाते आधीच उघडलेले असते.

इथे फॉरमॅट मारून काहीच परत येत नाही, चोरी होऊन गेलेली असते. आधी दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून ईमेलचा पासवर्ड बदला. ईमेल पहिले, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. त्याशिवाय चोरलेली कुकी जिवंत राहते. रिकव्हरीचा मोबाईल नंबर आणि ईमेल कोणी बदललेत का ते पाहा, मेल दुसरीकडे आपोआप पाठवणारा नियम लावलाय का तेही पाहा. बँकेला कळवा. हे सगळे झाल्यावर मशीन फॉरमॅट करा. इथे तो योग्यच आहे, फक्त क्रमात शेवटी.

एका साइटने “तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा” म्हणून विंडोज आणि आर बटण दाबायला सांगितले, मग कंट्रोल-व्ही. केले मी. चुकले का?

हो, आणि लगेच वरच्या उत्तरातली पावले उचला. ती साइट तुमच्या नकळत एक आज्ञा कॉपी करून ठेवते, तुम्ही ती विंडोज-आरने उघडलेल्या ‘रन’ खिडकीत चिकटवून एंटर दाबता, आणि स्टीलर उतरतो. ही युक्ती २०२४ पासून फार पसरली आहे. खरा कॅप्चा कधीही ब्राउझरच्या बाहेर काही दाबायला सांगत नाही.

स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखे येते, “तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत”. सायरनही वाजतो.

घाबरू नका. बहुधा कुठल्या तरी साइटवर तुम्ही ‘अलाऊ’ दाबले आणि तिला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी नावे काढून टाका. एक्स्टेंशन्सची यादीही बघा, न ओळखीचे काढा. पाच मिनिटांचे काम आहे, यासाठी फॉरमॅट मागणाऱ्याला पैसे देऊ नका. स्क्रीनवर फोन नंबर असेल तर तो लावायचा नाही. पलीकडचा माणूस मायक्रोसॉफ्टचा नसतो, एनीडेस्क हे दुरून स्क्रीन ताब्यात घेणारे अ‍ॅप टाकायला लावून खाते रिकामे करणारा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली, उघडली तर काहीच दिसले नाही. पाठवणारे तर आमचे पाहुणेच आहेत.

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ होते का? मग ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होते. वाहनाचे चलान, पीएम किसान, थकलेले वीजबिल, बँकेचे केवायसी अशा नावांनीही हीच फाइल फिरते. पाहुण्यांनी मुद्दाम पाठवली नाही. त्यांच्या फोनमध्ये ती आधी शिरली आणि त्यांच्या खात्यावरून पुढे गेली. म्हणून ओळखीचा नंबर ही इथे खात्री नाही.

हे अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी घेते आणि ओटीपी बाहेर पाठवते. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मिळाली तर स्क्रीनवरचे वाचते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबते. आयकॉन अनेकदा गायब करते, त्यामुळे “काहीच दिसले नाही” असे वाटते.

ताबडतोब एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद झाले का पाहा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करवा. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची पूर्ण यादी काढून नवे, अनोळखी अ‍ॅप शोधा. निघत नसेल तर आधी त्याचा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क काढा, किंवा सेफ मोडमध्ये फोन सुरू करून काढा. कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ##००२# डायल करून रद्द होतात. इतके करूनही शंका राहिली तर फोनमधल्या फोटोंची प्रत घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करा. आणि पाहुण्यांना फोन करून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, आवाजात सांगा.

घरातल्या आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या फोनवर ‘अननोन अ‍ॅप्स’ची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपसाठी बंद आहे ना, ते आजच बघा. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी पुष्कळ घरे आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत, हातात फोन घेऊन दाखवलेत तर जास्त पोहोचेल.

ईमेलमधली फाइल सुरक्षित आहे का, कसे ओळखायचे?

विंडोज फाइलच्या नावाचा शेवट लपवतो, ती सवय आधी मोडा. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ दाखवायला सांगा. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला ‘आय लव्ह यू’ याच सवयीवर जगभर पसरला. फाइल टेक्स्टची दिसत होती, पण तिचा खरा शेवट लपलेला होता आणि ती स्क्रिप्ट होती. आजही ‘बिल पीडीएफ’ नावामागे एक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, निघते. वर्ड-एक्सेल फाइलने ‘एनेबल कंटेंट’ मागितले तर देऊ नका. शंका आली तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर फाइल टाकून अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम घेता येते. मात्र तिथे आधार, पॅन, हिशेब असले खासगी कागद टाकू नका, कारण ते इतरांना पाहता येऊ शकतात.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीच आहे. घरच्या वापराला, अपडेट चालू असतील तर, तो पुरतो. दुकान-ऑफिसात पाच-दहा मशीन असतील, एका जागेवरून सगळी बघायची असतील, अडचणीला मराठीत बोलणारा माणूस हवा असेल, तर विकतचा घ्या. पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील नव्वदच्या दशकात दुरुस्तीच्या धंद्यातूनच उभे राहिले. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस मात्र टाकू नका, एकमेकांच्या पायात येतात.

संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समधून ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन, विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपलेलेही सापडते. साधारण पंधरा मिनिटे लागतात. शिवाय भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर बॉट काढणारी साधने फुकट मिळतात.

विंडोज १० अजून चांगले चालते. बदलायलाच हवे का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची अपडेट्स थांबली. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. मशीन विंडोज ११ घेत नसेल आणि काम ब्राउझर, ईमेल, पत्रे एवढेच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. टॅली किंवा विंडोजचेच एखादे सॉफ्टवेअर लागत असेल तर मशीन बदलायची तजवीज करा.

बॅकअप घेतो आम्ही रोज, डी ड्राइव्हवर.

सी आणि डी हे सहसा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि रॅन्समवेअर दोघांनाही कुलूप लावतो. सतत लावून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही त्याला दिसते. दोन डिस्क घ्या, एक सोमवारी, एक गुरुवारी. कॉपी झाली की काढून ठेवा, एक ऑफिसात आणि एक घरी. टॅलीचा डेटा असेल तर महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून पाहा. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही, ते ऐन गरजेच्या दिवशीच कळते.

पैसे गेले तर तक्रार कुठे?

१९३० वर लगेच फोन. जितक्या लवकर कराल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद करा आणि सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जा. बँकेला लेखी कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुठे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला संरक्षण दिले होते, आजचा नियम बँकेत विचारून घ्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रारीच्या वेळी पुरावा लागतो, आणि फॉरमॅट मारलेल्या डिस्कवर तो उरलेला नसतो.

दुरुस्तीला देताना दुकानदाराला काय सांगायचे?

काय दिसले, कधीपासून, त्याआधी काय टाकले किंवा उघडले ते खरेखरे सांगा. मुलाने गेमचा क्रॅक टाकला असेल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही आणि तासाभराचे काम वाचेल. विचारल्याशिवाय फॉरमॅट नको, हे पावतीवर लिहून घ्या. डेटा महत्त्वाचा असेल तर आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून मगच हात लावायला सांगा. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद, असू शकते. तिची बिटलॉकर रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मशीन दुरुस्तीला देण्याआधी ती शोधून कागदावर उतरवून घरी ठेवा, नाहीतर मदरबोर्ड बदलल्यावर आपल्याच फायली आपल्याला उघडत नाहीत. आणि मशीन परत घेताना विचारा : विंडोज कुठून टाकले, सोबत काय काय टाकले, अँटिव्हायरसमधून कोणता फोल्डर वगळला आहे का. तिथेच उभे राहून विंडोज सिक्युरिटीमधली ‘एक्सक्लुजन्स’ची यादी उघडून दाखवायला सांगा. ती रिकामी असायला हवी.